रेशीमकोषातून हाडासाठी परांची: फायब्रॉइन स्कॅफोल्ड तयार करण्याची सविस्तर पद्धत

पाच ग्रॅम रेशीमकोष म्हणजे जेमतेम ओंजळभर. आठ-नऊ दिवस नीट काम केलं, तर त्याच रेशमातून पांढऱ्या स्पंजसारख्या चकत्या तयार होतात. त्यांच्या छिद्रांत अस्थिपेशी रुजतात, आणि जी पोकळी हाड स्वतःहून भरू शकत नाही तिथे त्या पेशींना धरून राहायला आधार मिळतो. इमारत बांधताना परांची उभारतात, काम संपलं की उतरवतात. स्कॅफोल्डचं कामही तेच आहे; फरक इतकाच की ही परांची शरीराने स्वतः हळूहळू विरघळवायची असते.

छोटं फ्रॅक्चर शरीर भरून काढतं. मोठा तुकडाच गेला असेल, तर कमरेच्या हाडातून कलम घ्यावं लागतं. ते मोजकंच मिळतं आणि रुग्णाला दुसरी जखम होते. म्हणून बाहेरून देता येईल अशा आधाराचा शोध चालू आहे. हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज, म्हणजे मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, आणि उरलेल्यात बहुतांश कोलॅजन असतं. प्रथिनाच्या जाळीवर खनिज बसवायचं ही निसर्गाचीच पद्धत आहे. कोलॅजनच्या जागी रेशमाचं प्रथिन घ्यायचं, एवढाच आपला बदल.

कोणतं प्रथिन घ्यायचं

तुतीच्या रेशीमकिड्याच्या, म्हणजे बॉम्बिक्स मोरीच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. गाभ्यात फायब्रॉइन आणि त्याभोवती सेरिसिनचा गोंद. फायब्रॉइनची मोठी साखळी सुमारे ३९० किलोडाल्टनची असते (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). तिच्यात ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन आणि सेरिन यांचे तेच ते क्रम पुन्हा पुन्हा येतात. हे क्रम एकमेकांवर घट्ट बसून बीटा-पत्रे तयार करतात. रेशमाची ताकद त्या पत्र्यांतून येते आणि सावकाश विघटनही त्यांच्यामुळेच होतं.

टसरच्या किड्याच्या फायब्रॉइनमध्ये एक जास्तीची सोय आहे. आर्जिनिन-ग्लायसिन-अस्पार्टिक आम्ल हा पेशींना पकडायला लागणारा क्रम त्यात निसर्गतःच असतो, तुतीच्या रेशमात तो नसतो. पण टसरचा कोष लिथियम ब्रोमाइडमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे बरेच संशोधक अळीच्या रेशीमग्रंथीतून थेट प्रथिन काढतात. ते कौशल्य वेगळं आहे. रेझिलिन हे कीटकांचं रबरासारखं प्रथिन टोर्केल वाइस-फोग यांनी १९६० साली टोळाच्या पंखाच्या बिजागरीतून जगासमोर आणलं. ते फार लवचीक आहे, पण हाडासाठी एकट्याने पुरेसं ताठ नाही. मधमाशीच्या रेशमाची प्रथिनं लहान असल्यामुळे जिवाणूंकडून तयार करून घेता येतात. कोळ्याचं रेशीम या कीटक-प्रथिनांच्या यादीत येत नाही, कारण कोळी कीटक नव्हे. सुरुवात करणाऱ्याने तुतीचं फायब्रॉइनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात काय बिघडू शकतं हे आधीच्या लोकांना माहीत आहे, आणि शिकताना तेच सर्वात उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती मला उशिरा कळली. या कामात लोकांचं लक्ष शेवटच्या टप्प्यांकडे असतं: पेशी, सूक्ष्मदर्शक, रंगीत चित्रं. पण स्कॅफोल्ड किती टिकेल, किती ताठ होईल, शरीरात दाह करेल का, हे बऱ्याच अंशी पहिल्या दिवशी उकळत्या पातेल्यात ठरलेलं असतं. म्हणून खाली त्या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवला आहे.

पहिला दिवस: गोंद काढणं

कोष कात्रीने कापून आतला किडा आणि त्याची कात काढून टाका. डाग पडलेला, ओलसर किंवा वास येणारा कोष सरळ बाजूला ठेवा. आतल्या बाजूला एक पातळ मळकट पापुद्रा असतो, तोही चिमट्याने सोलून घ्या. मग नाण्याएवढे तुकडे करून बरोबर ५ ग्रॅम तोला. हे वजन वहीत लिहा, पुढे लागणार आहे.

दोन लिटर अतिशुद्ध पाण्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवलं की ०.०२ मोलरचं द्रावण होतं. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचा. स्फटिकात दहा रेणू पाणी असलेलं कार्बोनेट असेल तर ११.४४ ग्रॅम लागेल, आणि चुकून बायकार्बोनेट घेतलंत तर गोंद नीट सुटणारच नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच कोष टाका आणि घड्याळ लावा. ३० मिनिटं, मधूनमधून काचेच्या कांडीने वर-खाली करत राहा, नाहीतर गठ्ठ्याच्या पोटात गोंद तसाच राहतो.

या अर्ध्या तासात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. सेरिसिन सुटतं आणि फायब्रॉइनच्या साखळ्याही थोड्या थोड्या तुटतात. वेळ कमी पडला तर सेरिसिन उरतं. फायब्रॉइनसोबत उरलेलं सेरिसिन दाह वाढवतं, हे रेशमी टाक्यांच्या जुन्या अनुभवावरून माहीत आहे. तासभर उकळलं तर साखळ्या आखूड होतात, स्कॅफोल्ड मऊ पडतो आणि लवकर विरघळतो. लवकर विरघळणारा हवा असेल तर मुद्दाम जास्त उकळा, पण मग प्रत्येक वेळी तितकाच वेळ. एका तुकडीला २५ मिनिटं आणि दुसरीला ४० दिली, तर त्या दोन तुकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

रेशीम बाहेर काढून थंड शुद्ध पाण्यात २० मिनिटं, पाणी बदलून असं तीनदा धुवा. प्रत्येक वेळी पिळा आणि बोटांनी मोकळं करा. बोटांना लागणारा चिकट, साबणासारखा बुळबुळीतपणा जायला हवा. मग पसरून रात्रभर सुकवा.

सकाळी वजन करा. ५ ग्रॅमचे ३.५ ते ३.७५ ग्रॅम झाले असतील तर काम जमलं, कारण कोषात साधारण २५ ते ३० टक्के सेरिसिन असतं. ४.२ भरलं तर गोंद उरला आहे किंवा रेशीम अजून ओलं आहे. शंका असेल तर पिक्रोकार्माइनचा रंग लावून पाहा: शुद्ध फायब्रॉइन पिवळं दिसतं, सेरिसिन उरलं असेल तिथे लालसर छटा येते.

दुसरा दिवस: विरघळवणं

९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड लागतं. २० मिलिलिटरसाठी १६.१५ ग्रॅम. पाण्यात थोडं थोडं टाका, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं. थंड झाल्यावर शेवटचं माप पूर्ण करा. रेशमाच्या ग्रॅमला चार मिलिलिटर हा हिशोब धरा, म्हणजे ३.५ ग्रॅमसाठी १४ मिलिलिटर. लहान बीकरच्या तळाशी रेशीम घट्ट दाबून बसवा आणि द्रावण वरून ओता. उलट केलंत, म्हणजे द्रावणावर रेशीम टाकलंत, तर ते वर तरंगतं आणि अर्धं कोरडंच राहतं.

बीकर झाकून ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवा. पहिल्या तासात पांढरा गोळा पारदर्शक होऊ लागतो. चार तासांनी बीकर तिरका केला की पातळ मधासारखा, सोनेरी दाट द्रव सावकाश सरकतो आणि कांडी उचलली की त्याची लांब तार सुटते. अजून तंतू दिसत असतील तर आधी ओव्हनचं खरं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा, नुसतं ढवळत बसू नका.

लिथियम ब्रोमाइड महाग वाटत असेल तर कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी १:२:८ या मोलर प्रमाणात घेऊनही रेशीम विरघळतं. हाडाच्या कामासाठी मात्र मी ते टाळतो. पुढे आपण कॅल्शियमच मोजणार असतो, आणि सुरुवातीचं उरलेलं कॅल्शियम त्या मोजणीत मिसळलं तर कोणाचं कोणतं हे सांगता येत नाही.

क्षार काढणं

३,५०० डाल्टनपेक्षा लहान रेणूच बाहेर जाऊ देणाऱ्या डायलिसिसच्या पडद्यात द्रावण भरा, पण पडदा अर्ध्याहून कमीच भरा. आत मीठ, बाहेर शुद्ध पाणी, त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि आकारमान दुपटीहून जास्त होतं. १२ मिलिलिटर द्रावणाला किमान एक लिटर पाणी. ४८ तासांत सहा वेळा बदला: पहिल्या तासाला, चौथ्या तासाला, त्याच संध्याकाळी, मग दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ आणि तिसऱ्या सकाळी. बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता ताज्या पाण्याइतकी झाली की थांबा. पहिल्या दोन-तीन बदलांतच बहुतेक लिथियम बाहेर येतं. ते पाणी बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा.

नंतर ४ अंशांवर सुमारे १२,७०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) बलाने २० मिनिटं, दोनदा सेंट्रिफ्यूज करा. तळाचा गाळ सोडून वरचं फिकट पिवळसर द्रावण घ्या. अर्धा मिलिलिटर द्रावण तोललेल्या बशीत ६० अंशांवर सुकवा. मागे ०.०३७ ग्रॅम उरले तर तीव्रता ७.४ टक्के. साधारण ७ ते ८ टक्के मिळते.

हे द्रावण नाजूक आहे. जोरात हलवलं, पिपेटने पुन्हा पुन्हा ओढलं-सोडलं, फेस आला, तर साखळ्या एकमेकींना धरतात आणि जेली होते. मी एकदा भरलेली बाटली संध्याकाळी टेबलावर ठेवून गेलो. त्याच टेबलावर शेकर चालू होता. सकाळी बाटली उलटी केली तर थेंबही हलला नाही, अख्ख्या आठवड्याचं रेशीम दुधी जेली होऊन बसलं होतं. तेव्हापासून द्रावण तयार झालं की थेट ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, आणि शक्यतो दोन-तीन आठवड्यांत संपवायचं.

मिठाने छिद्रं पाडणं

रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर छिद्र १०० मायक्रोमीटरपेक्षा मोठं हवं. ३०० च्या पुढे असेल तर हाड चांगलं भरतं. म्हणून कोरडं मीठ दोन चाळण्यांतून चाळून ५०० ते ६०० मायक्रोमीटरचे दाणे घ्या. दाण्याचा पृष्ठभाग थोडा विरघळतो, त्यामुळे छिद्र दाण्यापेक्षा जरासं लहान येतं.

सपाट तळाच्या प्लास्टिकच्या डबीत पाण्याने ६ टक्क्यांवर आणलेलं २ मिलिलिटर द्रावण घ्या. त्यावर ४ ग्रॅम मीठ चिमटी-चिमटीने भुरभुरा आणि डबी सावकाश फिरवत राहा, म्हणजे दाणे समान बसतील. मीठ विरघळून का जात नाही, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. दोन मिलिलिटर पाण्यात जेमतेम ०.७ ग्रॅम मीठ विरघळतं. तेवढं विरघळलं की पाणी संपृक्त होतं, उरलेले ३.३ ग्रॅम दाणे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्याभोवती रेशीम घट्ट होतं. संपृक्त मीठ साखळ्यांभोवतीचं पाणी ओढून घेतं, त्यामुळे बीटा-पत्रे आपोआप बनतात आणि वेगळं मिथेनॉल लागत नाही. मला या पद्धतीत सर्वात जास्त आवडतं ते हेच.

दाणे फार बारीक किंवा द्रावण फार दाट असेल तर वरचा थर आधीच गोठतो आणि मीठ तळापर्यंत पोचत नाही. मग वर भुसभुशीत आणि खाली रबरी चकती अशी विचित्र वस्तू मिळते. द्रावण पातळ करा किंवा दाणे मोठे घ्या.

डबी झाकून खोलीच्या तापमानाला ४८ तास. नंतर डबीसकट दोन लिटर पाण्यात बुडवा, दोन दिवस दर काही तासांनी पाणी बदला. साच्यातून सैल झाला की स्पंज बाहेर काढा. शेवटच्या शुद्ध पाण्याचे काही थेंब घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरा ढग उठला तर मीठ अजून आहे.

ओला स्पंज बोटात हलका दाबून सोडा. पाणी सुटतं आणि तो लगेच पूर्ववत होतो. कोरडा केला तर ठिसूळ होतो, म्हणून ओला असतानाच वरचा-खालचा थर पात्याने काढून बायोप्सी पंचने ५ मिलिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर उंचीच्या चकत्या पाडा.

हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल या द्रावकात विरघळवूनही स्कॅफोल्ड करतात. तो शरीरात वर्षाहून जास्त टिकू शकतो, पाण्यातून केलेला काही महिन्यांत जातो. हा द्रावक डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर इजा करतो. फ्यूम हूड आणि योग्य हातमोजे नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तपासणी आणि ताकदीबद्दल खरं बोलणं

एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त किरणांनी रचना ओळखणाऱ्या तपासणीत, प्रथिनाचा अमाइड-१ पट्टा पाहा. विस्कळीत रचनेत तो १६४० ते १६५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असतो, बीटा-पत्रे बनल्यावर १६२० ते १६३० कडे सरकतो. सरकला नसेल तर चकती पेशींच्या पोषकद्रावात विरघळू लागेल. विघटन पाहायला प्रोटीएज-१४ हे प्रथिन तोडणारं विकर एक युनिट प्रति मिलिलिटर, ३७ अंश, रोज ताजं. शेजारी नुसत्या बफरमध्ये ठेवलेली चकती तुलनेसाठी.

ताकदीबाबत स्वतःला फसवू नका. जाळीदार हाड दाबाखाली साधारण २ ते १२ मेगापास्कल सोसतं. आपला मऊ स्पंज किलोपास्कलमध्ये मोजावा लागतो. कवटी, जबडा किंवा प्लेटने आधार दिलेली पोकळी इथे तो शोभतो; पायाच्या हाडात एकटा नाही. रेशीम मुळात दुबळं आहे असं मात्र नव्हे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली घट्ट रेशमाचे स्क्रू उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवून दाखवले होते. छिद्रं वाढवली की ताकद घटते, हा व्यवहार आहे.

खनिजाचा थर

दोन मार्ग आहेत. झटपट मार्ग आळीपाळीने बुडवण्याचा: २०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड (ट्रिस बफर, पीएच ७.४), मग पाण्यात खळबळून १२० मिलिमोलर डायसोडियम फॉस्फेट, पुन्हा पाणी. प्रत्येकी १० मिनिटं, पाच फेऱ्यांपासून सुरुवात करा. मधलं धुणं चुकवलं तर खनिज छिद्रांच्या तोंडाशीच साचतं.

सावकाश मार्ग तादाशी कोकुबो यांच्या कृत्रिम शरीरद्रवाचा. त्यात पदार्थ टाकण्याचा क्रम मोडायचा नाही. एक लिटरसाठी प्लास्टिकच्या बीकरमध्ये ३६.५ अंशांचं ७०० मिलिलिटर पाणी घ्या. त्यात ८.०३५ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.३५५ सोडियम बायकार्बोनेट, ०.२२५ पोटॅशियम क्लोराइड, ०.२३१ डायपोटॅशियम फॉस्फेट ट्रायहायड्रेट, ०.३११ मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, ३९ मिलिलिटर एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.२९२ कॅल्शियम क्लोराइड, ०.०७२ सोडियम सल्फेट, आणि शेवटी चिमटीचिमटीने ६.११८ ग्रॅम ट्रिस. पीएच ७.४० वर आणून माप पूर्ण करा. काचेचं भांडं नको, ओरखड्यांवर खनिज जमतं. द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. जरा धूसर दिसला तर गाळून वाचवू नका, फेकून नवा करा. चकत्या ३६.५ अंशांवर सात ते चौदा दिवस ठेवा, द्रव दर दोन दिवसांनी बदला.

क्ष-किरण विवर्तनात २६ आणि ३२ अंशांच्या जवळ शिखरं दिसली तर अ‍ॅपेटाइट आहे.

पेशी

चकत्या पाण्यात बुडवून १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, फायब्रॉइन ते सोसतं. बीएमपी-२ सारखा हाड बनायला चालना देणारा वाढ-घटक द्यायचा असेल तर तो यानंतरच. पोषकद्रावात रात्रभर भिजवा, सकाळी जास्तीचा द्रव टिपा, आणि पाच लाख अस्थिमज्जा-मूलपेशी २५ मायक्रोलिटरमध्ये मध्यभागी सोडा. दोन तास थांबून मगच भांडं भरा. दुसऱ्या दिवशी चकत्या नव्या खणात हलवा, नाहीतर खाली पडून तळाला चिकटलेल्या पेशीही मोजल्या जातात.

पोषकद्रावात १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, १० मिलिमोलर बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पेशी हाड बनवायला लागल्याची खूण असलेलं विकर, ७ आणि १४ व्या दिवशी मोजा आणि डीएनएच्या प्रमाणात मांडा. एकट्या आकड्यातून पेशी जास्त होत्या की जास्त कामसू होत्या हे कळत नाही.

२१ ते २८ व्या दिवशी अ‍ॅलिझरिन रेड, म्हणजे कॅल्शियमला लाल करणारा रंग. इथे फार जण फसतात. खनिजाचा थर दिलेली चकती पेशींशिवायही लालभडक होते. म्हणून प्रत्येक गटासोबत तेवढेच दिवस त्याच द्रावात ठेवलेली बिनपेशींची चकती हवीच. तिचं मोजमाप वजा केल्यावर जे उरतं तेच पेशींचं काम.

प्राण्यांवरची चाचणी

नैतिक समितीची परवानगी आणि आयएसओ १०९९३ या वैद्यकीय साधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जैवसुसंगततेच्या चाचण्या आधी. मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅटच्या) कवटीत ८ मिलिमीटरची पोकळी आपोआप भरत नाही, म्हणून ती प्रमाण मानतात. एक गट पोकळी रिकामी ठेवलेला असायलाच हवा. साधं फायब्रॉइन क्ष-किरणांत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे मायक्रो-सीटीत, म्हणजे अतिबारीक सीटी स्कॅनमध्ये, दिसतं ते नवं हाड. खनिज दिलेली चकती मात्र पहिल्या दिवसापासून दिसते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर लगेच एक स्कॅन घेऊन ठेवा आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहा.

नंतर ऊतीचे काप घ्या आणि सर्वात आधी सीमारेषा पाहा, जिथे रेशमाची उरलेली भिंत आणि नवं हाड भेटतात. मध्ये तंतुमय ऊतीची पट्टी असेल तर शरीराने परांचीला परकं मानून कोंडलं आहे. पट्टी नसेल, भिंतीला टेकूनच अस्थिपेशींची रांग असेल आणि भिंतीची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर परांची उतरू लागली आहे. असा काप दिसला की त्या तुकडीची वही उघडा आणि पहिल्या दिवशी किती मिनिटं उकळलं होतं ते पाहून पुढच्या तुकडीचं घड्याळ तेवढंच लावा.